कोरफडीस तुरा आणण्याचा शास्त्रोक्त विधी (घरातील मंडळींच्या बंदोबस्तासह)

कोरफडीला फुले येतात, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्यांच्या घरी ती वर्षानुवर्षे आहे, त्यांना तर मुळीच नसते. कारण मराठी घरात कोरफड हे झाड नसून औषधाचे कपाट आहे. पोळी भाजताना चटका बसला, तोडा पान. केस गळू लागले, तोडा पान. समोरच्या वहिनींना भाचीच्या लग्नाला जायचे आहे, तोडा दोन पाने. कोरफड आपले पाणी आणि अन्न या पानांतच साठवते आणि तुरा काढण्याचा खर्चही तिला त्याच साठ्यातून भागवायचा असतो. दर आठवड्याला लूट होत असताना कोणते झाड फुलेल?

म्हणून या विधीचा आरंभ मातीने नव्हे, कुटुंबाच्या बैठकीने करावा. पाने तोडण्यास मनाई असल्याचे जाहीर करावे. आजींना आपला निषेध नोंदवू द्यावा. त्यांच्यासाठी दुसऱ्या कुंडीत स्वतंत्र कोरफड लावून द्यावी, तिला ‘केसांची’ म्हणावे आणि तिच्याकडून फुलाची अपेक्षा ठेवू नये.

झाड वयात आलेले असावे. पिल्लू लावल्यावर साधारण चार वर्षे तरी वाट पाहावी लागते. नर्सरीवाला ‘पुढच्या महिन्यात फुलेल’ म्हणाला, तर त्याच्या आशावादाचे कौतुक करून पुढे जावे.

यानंतर उन्हाचा प्रश्न. सगळा विधी याच्यावर अडतो. कोरफड मूळची अरबी द्वीपकल्पातली. तिला दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवे. आपल्या फ्लॅटमध्ये एवढे ऊन येणारी एकच जागा असते आणि तिथे कपड्यांची दोरी असते. चादरींशी वाटाघाटी अपरिहार्य आहेत. सावलीतली कुंडी मात्र एकदम उन्हात ढकलू नये. आठ-पंधरा दिवसांत थोडे थोडे ऊन वाढवत न्यावे, नाहीतर पाने तांबूस पडतात आणि घरात ‘नजर लागली’ अशी चर्चा सुरू होते.

काही मंडळी कोरफड झोपण्याच्या खोलीत ठेवतात, कारण ती रात्री ऑक्सिजन देते असा मजकूर त्यांना सकाळी मोबाइलवर आलेला असतो. वस्तुस्थिती अशी की रात्री ती पानांवरची छिद्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. कपाटाशेजारच्या अंधारात ती ऑक्सिजनही देणार नाही आणि तुराही काढणार नाही.

थंड रात्रीही लागतात. पुणे-नाशिककरांना डिसेंबरात त्या फुकट मिळतात. मुंबईकरांनी उन्हावर भर द्यावा. कुंडी एसीत ठेवू नये.

पाण्याच्या बाबतीत मुख्य शत्रू म्हणजे निवृत्त गृहस्थ. ते सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि तांब्यात उरलेले पाणी ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून कोरफडीला देतात. हा अत्याचार रोज, प्रेमाने आणि स्तोत्र म्हणत होतो. उपाय एकच : तुळस आणि कोरफड यांच्यात हात पोहोचणार नाही इतके अंतर. पाणी द्यायचे तेव्हा भरपूर द्यावे, तळाच्या भोकातून वाहून जाऊ द्यावे आणि मग माती पूर्ण सुकेपर्यंत विसरावे. हिवाळ्यात दोन-तीन आठवडे विसरले तरी चालते. पोयटा मातीत निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा असला की विसरणे सुरक्षित होते.

शंका वाटल्यास दुकानांच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून उलटी टांगलेली कोरफड पाहावी. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाच्या इजिप्तवरील ग्रंथात (१८३६) कैरोतल्या दारांवरच्या अशाच कोरफडींची नोंद आहे. माती नाही, पाणी नाही, तरी त्या वर्षानुवर्षे जगत आणि फुलतसुद्धा. तांब्यावाल्यांना हा उतारा वाचून दाखवावा.

चहाचा चोथा, कांद्याच्या सालींचे पाणी, केळीच्या सालींचा काढा आणि जावईबापूंनी व्हिडिओत पाहिलेले ताक, यांपैकी काहीही कुंडीत जाता कामा नये. नत्र जास्त झाले की पानेच माजतात. वसंतात थोडे गांडूळखत पुरे.

बुडाशी येणारी पिल्ले वेळोवेळी काढावीत, ती आईचा वाटा खातात. अडचण काढण्याची नसून वाटण्याची आहे, कारण सोसायटीत प्रत्येकाकडे कोरफड असते आणि तीही तुम्हीच दिलेली असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पिल्ले लुटावीत. प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा बरी, शिवाय पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही.

इतके जमले तर हिवाळ्यात पानांमधून एक हिरवा कोंब वर येईल आणि हात-दीड हात उंच होईल. उसाला तुरा आला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. इथे पेढे वाटायला हरकत नाही. खालून वर अशी पिवळी, नळीसारखी फुले उमलत जातील. या टप्प्यावर कोणीतरी तज्ज्ञ येऊन ‘फुलली की मरते’ असे सांगेल. ते घायपाताचे, कोरफड पुढच्या वर्षीही फुलू शकते. फुलांतल्या मधासाठी शिंजीर आले, तर कबुतरांच्या जाळीमुळे ते बाहेरच तिष्ठत राहतील, एवढे आधी पाहून ठेवावे. बियांची आशा धरू नये. कोरफडीला स्वतःचा पराग सहसा चालत नाही आणि सोसायटीतल्या सगळ्या कोरफडी तर तुमच्याच कुंडीतल्या.

फुले सुकल्यावर दांडा बुडाशी कापावा. समोरच्या वहिनींना पान हवे असेल तर त्यांनी त्यानंतर यावे, आणि तेही खालचे, बाहेरच्या बाजूचे एकच घ्यावे.