कोच कसा हाकलावा

टोरांटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाने स्टॅनले कप शेवटचा जिंकला तो १९६७ साली. तेव्हा एनएचएल या त्यांच्या लीगमध्ये संघच मुळी सहा होते. आज ३२ आहेत. एवढ्या वर्षांत कप काही आला नाही, कोच मात्र येत राहिले आणि जात राहिले. अशा संघाची भक्ती करायची तर नुसता उत्साह पुरत नाही, शास्त्र लागतं. ते मराठीत कुणी मांडलेलं दिसलं नाही, म्हणून हा प्रपंच. आमचे साडूभाऊ टोरांटोजवळ मिसिसॉगाला असतात आणि या विषयातले ते अधिकारी पुरुष आहेत. पुढचे नियम त्यांच्या वागण्यातूनच निघाले आहेत. हा लेख त्यांना कुणी पाठवू नये, ही विनंती.

नियम पहिला : प्लेऑफ म्हणजे काय ते आधी समजून घ्यावं. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत साखळी सामने चालतात. गेल्या दहाएक वर्षांत लीफ्स त्यांत बहुधा झकास खेळले आहेत. पुढच्या दुःखाचं भांडवल तिथेच जमतं. मग १६ संघ उरतात. दोन संघांनी एकमेकांशी जास्तीत जास्त सात सामने खेळायचे, चार जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या, म्हणजे कपासाठी १६ विजय. बरोबरी झाली तर वीस-वीस मिनिटांचा जादा वेळ, आणि गोल होईपर्यंत सुटका नाही. २००४ नंतर लीफ्सनी एखादी फेरी जिंकली ती थेट २०२३ साली. त्या रात्री जॉन टव्हॅरेसने जादा वेळेत गोल मारला आणि साडूभाऊंनी पुण्याला फोन लावला. इकडे सकाळ होती. ते बोलत काहीच नव्हते, नुसते ओरडत होते. आमच्या हिला वाटलं, बहिणीला काही झालं.

पुढच्या फेरीत फ्लोरिडाने पाच सामन्यांत गाशा गुंडाळायला लावला. तेव्हा फोन आला नाही.

नियम दुसरा : सोवळं पाळावं. प्लेऑफ चालू असेपर्यंत जर्सी धूत नाहीत. जिंकलो त्या दिवशी सोफ्याच्या ज्या टोकाला बसलो, तेच टोक धरून बसायचं. पाहुण्याने तिथे बूड टेकलं तर त्याला उठवायचं, मग तो पाहुणा पुण्याहून आलेला साडू का असेना. खेळाडू दाढी वाढवतात. ही प्रथा १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क आयलँडर्सच्या खेळाडूंनी पाडली असं मानतात, आणि त्यांनी लागोपाठ चार कप उचलल्यामुळे तिच्या फळाबद्दल कुणी शंका घेत नाही. श्रावणात दाढी न करणाऱ्या घरातून गेलेल्या माणसाला यात अवघड काही नाही. फक्त श्रावण महिनाभर चालतो. लीफ्सभक्ताची दाढी सहसा पंधरवड्यात उतरते. देव पाण्यात ठेवायचीही सूचना एकदा झाली होती. मेहुणीने साफ नकार दिला. “इथे बाप्पाला आधीच थंडी वाजते,” म्हणाली.

नियम तिसरा : आघाडी मिळाली की घाबरावं. बाकीचे संघ पिछाडीवर असताना घाबरतात. ती हौशी माणसं. २०१३ साली बोस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात लीफ्स शेवटच्या सत्रात ४-१ ने पुढे होते. दीड मिनिटही उरलं नव्हतं तेव्हा आकडा ४-३ झाला. बोस्टनने गोली, म्हणजे गोलरक्षक, बाहेर काढून जादा आक्रमक उतरवला होता, आणि ५१ सेकंद असताना पॅट्रिस बर्जरॉनने बरोबरी साधली. जादा वेळेतला गोलही त्याचाच. २०२१ मध्ये मॉन्ट्रियलविरुद्ध लीफ्स मालिकेत ३-१ ने पुढे, हरले. २०२५ मध्ये गतविजेत्या फ्लोरिडाविरुद्ध २-० ने पुढे, हरले. सातवा सामना घरच्या मैदानावर ६-१ असा गेला आणि लोकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर भिरकावल्या.

नियम चौथा : मालिका संपल्यावर दोन्ही संघ रांगेने हस्तांदोलन करतात. तेव्हा टीव्ही बंद करू नये. शिव्या घालायला तोंडं एकेक करून समोर येतात, ही सोय पुन्हा मिळत नाही.

नियम पाचवा, आणि मुख्य : दोष कोचचा. हे मालिका सुरू होण्यापूर्वीच ठरवून ठेवावं म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही. आता कोचच्या हातात खरं काय असतं? बर्फावर एका वेळी गोली सोडून पाच जण. पाऊण मिनिटात त्यांची दमछाक होते, म्हणून खेळ चालू असतानाच कठड्यावरून उड्या टाकत तुकड्या बदलतात. कुठली तुकडी कुणाच्या अंगावर सोडायची हे कोच ठरवतो. खेळ थांबला की शेवटचा बदल करण्याचा हक्क यजमानांचा, म्हणून घरच्या मैदानाला किंमत. साडूभाऊंना हे सगळं तोंडपाठ आहे. चहाचा कप धरलेला हात तसाच हवेत ठेवून, बाकावरून कोण उठतंय तेवढं बघून ते म्हणतात, “आत्ता मॅथ्यूज हवा होता.” आणि वैताग असा की बऱ्याचदा खरंच हवा असतो. २०१९ च्या सातव्या सामन्यात ऑस्टन मॅथ्यूजला पुरेसा वेळ खेळवलं नाही म्हणून कोच माइक बॅबकॉकवर सगळं शहर तुटून पडलं होतं. बॅबकॉकना २०१५ साली आठ वर्षांच्या करारावर आणलं होतं. सुमारे ५ कोटी डॉलरचा करार, अशा बातम्या होत्या. पाचव्या हंगामाच्या नोव्हेंबरात त्यांना निरोप मिळाला.

पण खरी गोम वेगळीच आहे, आणि ती साडूभाऊंना सांगून उपयोग नसतो. या लीगमध्ये खेळाडूंच्या पगाराला संघागणिक कमाल मर्यादा असते. लीफ्सनी त्यातली जवळजवळ निम्मी रक्कम चार आक्रमकांवर लावली: मॅथ्यूज, मार्नर, नायलँडर, टव्हॅरेस. उरलेल्या निम्म्यात बचावफळी, गोली आणि बाकी सगळी भरती. शिवाय मोठ्या खेळाडूंच्या करारात ‘माझ्या संमतीशिवाय मला हलवता येणार नाही’ असं कलम. म्हणजे तारे हलवता येत नाहीत, मालक स्वतःला हलवत नाहीत, भक्त तर जन्माला चिकटलेला. कोचचा पगार मात्र त्या मर्यादेत धरत नाहीत. घराबाहेर काढता येण्याजोगी एवढीच एक वस्तू, ती काढतात. २०२४ मध्ये बोस्टनकडून पुन्हा सातव्या सामन्यात, पुन्हा जादा वेळेत हरल्यावर शेल्डन कीफ गेले आणि क्रेग बेरूबी आले. कीफना महिन्याच्या आत न्यू जर्सीने उचललं.

उपनियम : जुन्या कोचांचा अभ्यास असावा. त्याने चर्चेला वजन येतं. १९७६ साली रेड केली यांनी फिलाडेल्फियाविरुद्ध बाकाखाली पिरॅमिड ठेवले होते. होय, वास्तुदोषावर आपल्याकडे विकतात तेच, ऊर्जा देणारे. लीफ्सच्या डॅरिल सिटलरने आपली स्टिक पिरॅमिडखाली ठेवली आणि सहाव्या सामन्यात पाच गोल मारले. सातवा सामना लीफ्स हरले. पिरॅमिडही सहाव्या सामन्यापर्यंतच पुरला. केलींनंतर आलेल्या रॉजर नीलसन यांना मालक हॅरॉल्ड बॅलर्डने १९७९ मध्ये काढलं, दुसरा कुणी मिळेना म्हणून परत बोलावलं, आणि डोक्यावर कागदी पिशवी घालून बाकामागे ये, रहस्य राहील, असं सुचवलं. नीलसननी पिशवी घातली नाही. पुढे १९८२ मध्ये व्हँकूवरला असताना पंचांचा निषेध म्हणून त्यांनी स्टिकच्या टोकाला पांढरा टॉवेल लावून शरणागतीचा आव आणला. पुढच्या सामन्याला प्रेक्षक टॉवेल घेऊन आले, आणि तिकडे आजही प्लेऑफमध्ये टॉवेल फिरवतात. असा माणूस आपल्याकडे होता आणि आपण त्याला पिशवी दिली, हे साडूभाऊ जेवताना पानावर सांगतात.

नियम सहावा : नवा कोच आला की तीन महिने त्याला देव मानावं. याला आधार आहे. हेच बेरूबी २०१८ च्या नोव्हेंबरात सेंट लुइसला हंगामी म्हणून आले. जानेवारीच्या सुरुवातीला तो संघ अख्ख्या लीगमध्ये तळाला होता आणि जूनमध्ये त्याने कप जिंकला. प्रत्येक शहरातला प्रत्येक भक्त तेव्हापासून हेच उदाहरण फेकतो. उलटं उदाहरण चर्चेत आणू नये: जिम मॉन्टगोमेरींच्या हाताखाली बोस्टनने २०२२-२३ मध्ये ६५ सामने जिंकून विक्रम केला, पहिल्याच फेरीत ३-१ ची आघाडी घालवली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांना नारळ मिळाला. आठवड्याच्या आत सेंट लुइसने त्यांना नेमलं. म्हणजे ही माणसं जातात कुठेच नाहीत, खुर्च्या बदलून बसतात. २०१६ साली फ्लोरिडाने परगावच्या सामन्यानंतर जेरार्ड गॅलंटना काढलं, तेव्हा ते स्वतःच्या बॅगा टॅक्सीत चढवताना छायाचित्रात आले. पुढे त्यांनी नव्याकोऱ्या लास व्हेगासच्या संघाला पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत नेलं.

नियम सातवा : फेब्रुवारी २०२० चा विषय काढू नये. कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले म्हणून बेचाळीस वर्षांचे डेव्हिड एअर्स आणीबाणीचे गोली म्हणून उतरले. पूर्वी बर्फ सारवायचं यंत्र चालवणारे. लीफ्स हरले. कोचला दोष द्यावा की यंत्राला, यावर साडूभाऊंचं मत अजून पक्कं झालेलं नाही.

एक गोष्ट मात्र नियमात बसत नाही. साडूभाऊ तिकडे गेले १९९३ च्या वसंतात. ओळखीचं कुत्रं नव्हतं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे एकच बोलत, लीफ्स. त्या वर्षी पॅट बर्न्स कोच होते आणि संघ अंतिम फेरीपासून एका विजयावर येऊन थांबला. सातव्या सामन्यात समोरच्या संघाच्या वेन ग्रेट्स्कीने तीन गोल मारले. साडूभाऊंना पक, म्हणजे खेळायची चकती, कुठे आहे तेही दिसत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी डबा उघडून ते म्हणाले की कोच चुकला. टेबलावरचे तिघेचौघे लगेच त्यांच्याशी भांडायला लागले. त्यानंतर ते एकटे जेवले नाहीत. बर्न्सना त्या वर्षीचा सर्वोत्तम कोचचा पुरस्कार मिळाला आणि १९९६ मध्ये त्यांनाही काढलं.

शेवटचा नियम खरेदीचा. साडूभाऊंनी भरपूर पैसे मोजून पाठीवर मार्नरचं नाव असलेली जर्सी घेतली होती. २०२५ च्या उन्हाळ्यात मार्नर व्हेगासला गेला. ती जर्सी आता मेहुणी अंगणातला बर्फ उपसताना जाकिटावरून चढवते आणि उबदार आहे म्हणते. नव्या भक्तांनी जर्सी जरूर घ्यावी. फक्त पाठ कोरी घ्या, नावाचे पैसे वेगळे पडतात.