आबासाहेब गेली, त्यानंतर

"आबासाहेब गेली," असं बायको जिन्यात उभी राहून फोनवर लेकीला सांगत होती. ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. संध्याकाळी शेजारचे दोघे चपला बाहेर काढून, आवाज खाली आणून सोफ्यावर टेकले. "वय काय होतं?" "सहा." "शहाऐंशी?" "सहा." मग बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी आतून आईच म्हणाली, "अहो, उंदीर होता तो. चहा घेऊन जा."

उंदीर नव्हे, गिनीपिग. लेक शाळेत असताना तिने हट्ट करून आणलेला. दुकानदाराने तो उलटा धरून पाहिला आणि ठामपणे सांगितलं, "नर आहे." जाड मान, पांढऱ्या मिशा आणि घरातल्या सगळ्यांनी आपल्यासाठी खोळंबून राहावं अशी बसायची ढब, यावरून लेकीने नाव ठेवलं आबासाहेब. महिनाभरात आबासाहेबांना दोन पिल्लं झाली. या प्राण्याचे दिवस दोन महिन्यांहून थोडे अधिक असतात, म्हणजे पैसे आम्ही एकाचे मोजले होते आणि खोक्यातून तिघं आली होती. गिनीपिगची पिल्लं जन्मतःच अंगभर केस, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊन येतात आणि काही तासांत घरभर धावायला लागतात. त्यामुळे बाळंतपणाचं म्हणून आम्हाला काही करावंच लागलं नाही. आईने तेवढा डिंकाचा लाडू पुढे करून पाहिला. तो मी खाल्ला.

अशी फजिती थोरामोठ्यांच्या घरीही झालेली आहे. थिओडोर रूझवेल्ट यांच्या मुलांनी गिनीपिग पाळले होते आणि त्यांना मोठमोठ्या माणसांची नावं दिली होती: अॅडमिरल ड्यूई, बिशप डोन, डॉक्टर जॉन्सन. एकाला तर ओळखीच्या धर्मगुरूंचंच नाव होतं, फादर ओ'ग्रेडी. एके दिवशी मुलं धावत आली आणि फादर ओ'ग्रेडींना मुलं झाल्याची बातमी त्यांनी घरात जाहीर केली. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाच्या घरी जे चाललं ते कोथरूडमध्ये चालायला हरकत नव्हती. आम्ही नाव तेच ठेवलं, फक्त क्रियापद बदललं. एक पिल्लू लेकीच्या मैत्रिणीकडे गेलं. दुसरी करंजी. ती आमच्याकडेच राहिली. यथावकाश लेक शिकायला बंगळूरला गेली. मुलं प्राणी आणतात आणि आईबाप ते पाळतात, ही वाटणी कुणी बोलून दाखवत नाही, पण मोडतही नाही.

पुण्यात कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापुढे गिनीपिग ठेवला की त्यातले काही जण "हे खातं काय?" असं आपल्यालाच विचारतात. यात खरा धोका असतो. आमच्या औषधांच्या डब्यात कायम पडून असलेलं अमॉक्सिसिलिन, जे घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी स्वतःच्या अकलेने घेतलेलं आहे, ते तोंडावाटे दिलं तर या प्राण्याच्या पोटातल्या उपयोगी जंतूंची वाट लागते आणि पाठोपाठ प्राण्याची. हे ठाऊक असलेले डॉक्टर आम्हाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सापडले. आबासाहेबच्या दाढा वाढल्या होत्या. गिनीपिगचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजायला सतत गवत चावावं लागतं, आणि म्हातारपणी तिचं चावणंच मंदावलं. ती गेल्यावर डॉक्टर फोनवर म्हणाले, "तासभर करंजीजवळ राहू द्या. तिला कळू दे." करंजीने तिला हुंगलं, कानाजवळचे केस चाटून सारखे केले आणि मग शेजारी बसून गवत खाल्लं. बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिने नको तेवढी भांडी घासली.

दुसऱ्या दिवसापासून करंजी भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. फ्रिजचं दार उघडलं की आमच्या घरात इतकी वर्षं दोन शिट्ट्या होत असत, कुकरच्याही वर चढणाऱ्या. आता एकही होईना. ढोबळी मिरची पुढे ठेवली तर तिने नुसती बाजूला सारली. या मिरचीचं आमच्या घरात मोठं प्रस्थ आहे. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं तेव्हा त्यांना खलाशांचा स्कर्व्ही झाला, आणि त्यातून माणसाच्याच रोगाचा उलगडा पुढे सरकला. विज्ञानावर त्यांचे एवढे उपकार, म्हणून आमच्याकडे रोज ढोबळी मिरची. तिचा चतुर्थांश त्या दोघी खायच्या आणि उरलेली पाऊण आम्ही. पीठ पेरून, रस्सा करून, भरून, आणि शेवटी देवावर भरवसा ठेवून.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. हा कळपातला प्राणी, त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं, एखादा दिवस खाणं थांबलं तरी जिवावर बेततं. सोबत आणा.

आता सोबत आणायची की नाही, यावर घरात तीन मतं आणि बाझेलहून चौथं. मेहुणा तिथे औषध कंपनीत आहे. त्याने सांत्वनासाठी फोन केला आणि दुसऱ्याच वाक्यात, आम्ही त्याच्या गावी असतो तर कायदा मोडत असतो, हे कळवलं. स्वित्झर्लंडच्या २००८ सालच्या नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवता येत नाही, किमान दोन हवेत. दोनातला एक गेला की मालक अडकतो. म्हणून झ्युरिकजवळच्या एका बाईंनी मागे राहिलेल्या गिनीपिगला पैसे घेऊन सोबती द्यायला सुरुवात केली. घरचा मूळ गिनीपिगही गेला की सोबती त्यांना परत. "म्हणजे भाडेकरू," बायको म्हणाली. आमच्या सोसायटीला भाडेकरू शाकाहारीच लागतो. त्या नियमात तरी गिनीपिग चोख बसतो.

माझा विरोध नव्हता, पण माझी सगळी नोकरी विम्यात गेली. मुदत, हप्ता आणि मृत्यू हे तीन शब्द ऐकले की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. गिनीपिगचं आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षं. करंजी सहाची. सोबतीला पिल्लू आणलं तर करंजी गेल्यावर ते एकटं. त्याला सोबत म्हणून पुन्हा पिल्लू आणलं तर पहिलं गेल्यावर दुसरं एकटं. मी तक्ता मांडला. डाव्या रकान्यात गिनीपिग, उजव्या रकान्यात माझं वय. चौथ्या ओळीत मी ऐंशी गाठली. सहाव्या ओळीत गिनीपिग होती, मी नव्हतो. या हिशोबात शेवटचा गिनीपिग कधीच येत नाही, शेवटचा माणूस मात्र येतो. तक्ता मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "पाचव्या ओळीपासून पुढे मी एकटीने गवत आणायचं, एवढंच यातून कळतंय."

गवताचा मुद्दा खरा होता. परदेशी टिमथी गवत ऑनलाइन मिळतं, आणि त्याचा भाव पाहिला की आपणही चरावं की काय असं वाटतं. आम्ही एका गोठ्यातून वाळलं गवत आणतो. तिथले मामा दर वेळी प्रेमाने हिरवागार लसूणघास पोत्यात भरायला जातात आणि दर वेळी मी तो नाकारतो, कारण त्यात कॅल्शियम फार आणि मोठ्या गिनीपिगला त्याने मूतखडा होऊ शकतो. "म्हैस खाते की," मामा म्हणतात. म्हशीच्या तब्येतीपुढे मला उत्तर नसतं. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते म्हणून ते दिवाणात ठेवावं लागतं. म्हणजे आमच्याकडे मुक्कामाला येणारा पाहुणा शब्दशः गंजीवर झोपतो. उन्हाळ्यात उलटं. पंचविसाच्या पुढे पारा गेला की हे प्राणी मलूल व्हायला लागतात आणि एप्रिलमध्ये पुणे चाळिशीला टेकतं. तेव्हा फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या जागी पाण्याच्या बाटल्या, त्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात, आणि दर दोन तासांनी बदलायला घरी कुणीतरी.

हे 'घरी कुणीतरी' प्रकरण बायकोच्या मते नव्या गिनीपिगच्या विरोधातलं सर्वांत मोठं कारण. आबासाहेब आल्यापासून आम्ही दोघं मिळून कुठे मुक्कामाला गेलो नाही. आता मोकळं व्हायची वेळ आली तर पुन्हा बेडी कशाला? मी मान डोलावली. पण याच बेडीच्या जोरावर मी किती साखरपुडे, किती वास्तुशांती आणि एका मावसभावाचं रेसॉर्टमधलं तीन दिवसांचं लग्न टाळलं, हे मी तिच्यापुढे बोललो नाही. "घरी प्राणी आहेत हो" या वाक्याला उलटा प्रश्न येत नाही. म्हाताऱ्या आईचं कारण सांगितलं तर लोक म्हणतात, त्यांनाही घेऊन या. गिनीपिगला घेऊन या, असं अजून कुणी म्हणालेलं नाही.

आईचा विरोध जुना आणि अभ्यासपूर्ण आहे. पिंजरा तिच्या खोलीच्या खिडकीशी, कारण तिथे वारा येतो. त्यामुळे या विषयात घरात सर्वांत जास्त माहिती तिच्याकडे. गिनीपिग स्वतःच्याच काही मऊ लेंड्या पुन्हा खातो, पचनाला त्या लागतात, हे शास्त्र आम्ही वाचून शिकलो. तिने ते प्रत्यक्ष पाहिलं आणि त्या दिवसापासून आमच्या हातचं पाणी प्यायचं थांबवलं. कोथिंबिरीची जुडी महागली की ती भाव मोठ्याने पिंजऱ्याकडे बघून सांगते. "आणू नका," ती म्हणाली. "ही आहे तोवर आहे. मग पुरे." पण सकाळी सहाला उठून करंजीने रात्रीत किती लेंड्या टाकल्या हे मोजून आम्हाला सांगायचीही तीच. डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं, आणि आईला दुसऱ्याच्या मोजणीवर विश्वास नाही.

तोडगा बायकोने काढला. "पिल्लूच कशाला? म्हातारीच आणू." तक्त्याकडे बघता हे बिनतोड होतं. दुकानात मात्र म्हाताऱ्या मिळत नाहीत. तिथे काही आठवड्यांची पिल्लं, आणि शिवाय दुकानदाराने 'मादी' म्हणून नर दिला तर या वेळी प्रकरण हसण्यावारी जाणार नव्हतं. ज्या मादीला कोवळ्या वयात पिल्लं झालेली नाहीत तिच्या कमरेचा सांधा पुढे घट्ट होऊन बसतो आणि मग बाळंतपण बहुतेक वेळा जिवावरच उठतं. करंजी सहा वर्षांची कुमारिका. तिच्या बाबतीत 'नर आहे', 'मादी आहे' अशी अंदाजपंचे ठामपणाची सोय नव्हती.

लेकीने बंगळूरहून शोध लावला. लोकांनी हौसेने आणलेले आणि कंटाळून सोडून दिलेले छोटे प्राणी सांभाळणारी एक मुलगी आमच्याच भागात राहते. तिच्याकडे चार-साडेचार वर्षांच्या दोन बहिणी होत्या, मालक परदेशी गेलेले. आम्ही म्हटलं, एक द्या. ती म्हणाली, फोडून देणार नाही. "एकीच्या बदल्यात दोन?" आई म्हणाली. "विम्यात असं कधी देत होतात का रे?"

मुलीने सूचना पाठवल्या. पहिले दोन आठवडे नव्यांना वेगळ्या खोलीत ठेवायचं, आजार नाही ना ते पाहायला. मग तिघींची भेट घालायची ती तटस्थ जागी, जिथे कुणाचाच हक्क नाही. दात कडकड वाजवले तर राग आहे, अंग घुमवत फिरली तर दादागिरी आहे, रक्त निघेपर्यंत मध्ये पडू नका. आमच्या टू-बीएचकेत कुणाचाच हक्क नाही अशी जागा शोधायला आम्ही सगळं घर फिरलो. बाथरूमच्या बाहेरची चार फरश्यांची जागा सापडली. तिथेही आईची काठी उभी असते.

सूचनांच्या मागोमाग अर्ज आला, चार पानी. मी आयुष्यभर लोकांकडून अर्ज भरून घेतले, पण इतकी कसून चौकशी करणारा अर्ज पाहिला नव्हता. घर स्वतःचं का. पिंजऱ्याची लांबी-रुंदी फुटात. आधीचा प्राणी कशाने गेला, डॉक्टरांचा कागद जोडा. दिवसा घरी कोण असतं. बायकोने चष्मा लावून भरायला घेतला. जिचा विरोध होता तिनेच पेन का उचललं, हे मी विचारलं नाही. पेन परत खाली ठेवलं असतं.

तिसऱ्या पानावर ती थांबली. "अर्जदार प्राण्याची काळजी घेण्यास असमर्थ ठरल्यास किंवा त्याचे निधन झाल्यास जबाबदारी घेणारी व्यक्ती." नॉमिनी. माझा तक्ता शेवटी कुणीतरी छापील स्वरूपात आणला होता. लेकीला फोन लावला. तिची वसतिगृहाची खोली, परीक्षा, पुढे कुठे जाणार ठाऊक नाही. ती रडवेली झाली, पण हो म्हणाली नाही. मेहुण्याला विचारण्यात अर्थ नव्हता. शेवटी एकच उरली तर त्याला कायद्याने आणखी एक आणावी लागली असती. रकाना रिकामा ठेवून बायको पेनाचं टोपण चावत बसली.

"माझं नाव घाल," आई आतून म्हणाली.

"आई, तुम्ही चौऱ्याऐंशीच्या आहात."

"मग? वयाची अट लिहिलीय का कुठे?"

नव्हती. बायकोने नाव घातलं, वय घातलं, अर्जदाराशी नातं घातलं. पुढचा रकाना वाचून दाखवला: प्राणी सांभाळण्याचा पूर्वानुभव.

"चार मुलं लिही," आई म्हणाली. "आणि त्यातला एक इथेच असतो, खात्री करायची असेल तर येऊन बघा म्हणावं."