लाटेकाका

जगातली कुठलीही नवी गोष्ट आधी वांद्र्याला उतरते, मग अंधेरीत रेंगाळते, बोरिवलीला दमते आणि दहिसरला पोचेपर्यंत वांद्र्यात तिचं नाव काढणंही मागासलेपणाचं झालेलं असतं. बहुतेक दहिसरकरांना याचं काही वाटत नाही. बाहेरच्या माणसाला पत्ता सांगताना 'बोरिवलीच्या पुढे, पण मुंबईतच' एवढं ठासून म्हणून झालं की आमची महत्त्वाकांक्षा तिथेच संपते. पण प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ असा निघतो, ज्याला हा उशीर सोसत नाही. २०१७मध्ये जकात बंद झाली तरी नव्या फॅशनी अजून कुणीतरी चेकनाक्यावर अडवून ठेवतं, अशी त्याची पक्की समजूत असते आणि त्या सोडवून आणायची जबाबदारी आपल्यावरच आहे, अशीही. आमच्या सोसायटीत त्यांना लाटेकाका म्हणतात. अर्थात त्यांच्या मागे.

काका बँकेतून निवृत्त झाले. बँकेत असताना ते बिनसाखरेचा कटिंग पीत आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. निवृत्तीनंतर मात्र तोंडात जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाबद्दल त्यांना बोलावंसं वाटू लागलं. लॉकडाऊनमध्ये आंबवलेल्या पिठाचा पाव झाला. तो कापायला वॉचमनकडची करवत मागवली होती, असं म्हणतात. मग कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला चहा, आला आणि त्याची बरणी एका रात्री स्वतःहून फुटली. त्यानंतर माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची पूड. माचावर काका बराच काळ टिकले. पण मेट्रोत समोर बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीच्या हातात त्यांना तोच हिरवा पेला दिसला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यातच २०२४च्या अखेरीस मागणी इतकी वाढली की क्योटोच्या जुन्या नावाजलेल्या दुकानांना माचाच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. काकांनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "बघा, गर्दी झाली." विरार लोकलमधून दहिसरला उतरणारा माणूस गर्दी झाली की काय करतो? आधीच दाराशी येऊन उभा राहतो. काका माचातून उतरले आणि होजिचात चढले.

होजिचा म्हणजे भाजलेला जपानी हिरवा चहा. रंगाने तांबूस-तपकिरी, वासाने खरपूस. काकांची मुलगी टोकियोत निशिकसाईला असते आणि तिथून पाकिटं येतात. निशिकसाई हा भारतीयांनी गजबजलेला भाग. तो ज्या एदोगावा वॉर्डात येतो, त्याच्या सभागृहात २०१९ साली आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले. हे काका असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, प्रचाराच्या पत्रिका यांनीच दहिसरच्या कांदरपाड्यातून छापून धाडल्या.

लाटेकाकांकडे चहाला जाणं म्हणजे चहा मिळेल या आशेवर व्याख्यानाला बसणं. स्वयंपाकघर वन बीएचकेमधलं, ओट्यावर दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास हॉलमध्ये घ्यावा असं. त्या ओट्याचा निम्मा भाग आता 'स्टेशन' झालाय. तिथे इलेक्ट्रॉनिक काटा, थर्मामीटर, बारीक जाळीची गाळणी, बांबूची घुसळणी आणि बॅटरीवर फिरणारं फेस काढायचं यंत्र. बांबूच्या घुसळणीला चासेन म्हणतात आणि तिला काकूंनी हात लावायचा नाही, कारण एकदा काकूंनी तिने मिक्सरचं भांडं घासलं होतं.

होजिचा लाटेची कृती अशी. होजिचाची पूड दोन ग्रॅम. ती गाळणीतून चाळायची, नाहीतर गुठळ्या होतात. तिच्यावर ऐंशी अंशांचं पाणी, अर्ध्या वाटीहून कमी. मग चासेन इंग्रजी 'डब्ल्यू' काढत फिरवायची. गोल फिरवलेली काकांना चालत नाही. एका पाहुण्याने गोल फिरवली, तेव्हा काकांनी त्याच्याकडे जुन्या बँकेतल्या नजरेने पाहिलं, सही जुळत नसल्यावर पाहतात त्या. मग दूध साठ ते पासष्ट अंशांपर्यंत तापवायचं, फेस काढायचा आणि वरून ओतायचं. खरं तर पाच मिनिटांचं काम. काकांकडे त्याला पाऊण तास लागतो, कारण मध्ये क्योटो येतं.

क्योटोची हकीकत मात्र ऐकण्याजोगी आहे, काकांनी सांगितली तरीसुद्धा. १९२०च्या दशकात तिथल्या चहाच्या व्यापाऱ्यांकडे जाड पानं, देठ, काड्या असा खपायला अवघड माल उरायचा. टाकवेना, विकवेना. कुणीतरी तो कोळशावर भाजला. कडवटपणा आणि तुरटपणा उतरला, खमंग वास सुटला आणि उरलासुरला माल रांगेत उभं राहून घ्यावा असा झाला. थोडक्यात, ज्या पेयासाठी काका टोकियोहून पाकिटं मागवतात ते मुळात काटकसरीतून निघालं. या मुद्द्यापाशी आतल्या खोलीतून काकूंचा एक छोटा खोकला ऐकू येतो.

दुधाचा प्रश्न याहून बिकट. काकांच्या वाचनानुसार या लाटेला ओटचं दूध शोभतं. काकांच्या आईंच्या मते ओट ही घोड्याची गोष्ट. त्या घरात तबेल्याचं म्हशीचं दूध येतं, सहा-सात टक्के स्निग्धांशाचं, आणि दूध म्हटलं की ते वर आलं पाहिजे, उतू जाता जाता गॅस बंद झाला पाहिजे, हा आजींचा ऐंशी वर्षांचा शिरस्ता. पासष्ट अंशांना दूध उतरवलेलं त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, कच्चं पाजतोस होय रे सगळ्यांना?" सुटं दूध न उकळता पिऊ नये, हे आजींचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. तडजोड झाली. दूध आधी आजींसाठी उकळायचं, साय धरू द्यायची, मग काकांनी ते गार करून पुन्हा पासष्टपर्यंत आणायचं. आता त्या सायीचे तुकडे फेस काढायच्या यंत्राला अडकतात, यंत्र केविलवाणं गुरगुरतं आणि बंद पडतं. काकू काही न बोलता भिंतीवरची ताकाची रवी काढून देतात. रवीने फेस उत्तम येतो. काका तो फेस पाहतात, समाधानाने मान डोलावतात आणि पाहुण्याला सांगतात, "बघितलंत? जपानी टेक्निक."

आजींना पहिला कप दिला तो दिवस इमारतीच्या लक्षात आहे. त्यांनी तो बशीत ओतला. फेस बशीत मावला नाही. एक घोट घेऊन त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाचणीच्या सत्त्वासारखं लागतंय. गूळ विसरलास फक्त."

खरा तिढा पुढे झाला. पावसाळ्यात टोकियोची पाकिटं संपली आणि पुढची कस्टममध्ये की पोस्टात अडकली. काका उदास. काकूंनी माळ्यावरून एक डबा काढला. त्यात दिवाळीत कधीतरी कुणाच्या तरी ऑफिसातून सुक्या मेव्याबरोबर आलेला, वजन कमी करायच्या संकल्पाने ठेवलेला आणि संकल्पाबरोबरच विसरलेला हिरवा चहा होता. त्याचा वास गेलेला. काकूंनी लोखंडी कढई मंद आचेवर ठेवली आणि तो त्यात टाकला.

काका धावत आले. म्हणाले, "दोनशे अंशांच्या आसपास लागतं. तपमान कसं कळणार तुला?" जपानात यासाठी होरोकु नावाचं मातीचं भांडं असतं, त्याचा दांडा पोकळ असतो, पानं भाजली की त्या दांड्यातूनच ओततात, ते आणल्याशिवाय या भानगडीत पडू नये, असं त्यांनी बजावलं. काकू उलथनं हलवत राहिल्या. त्यांनी आयुष्यात भाजणी भाजली आहे, मेतकुटाच्या डाळी भाजल्या आहेत, शेजारच्या तिघींच्या डोहाळजेवणाचा रवा भाजला आहे. "वास सुटला की उतरवायचं," एवढंच त्या म्हणाल्या. चार-पाच मिनिटांत पानं हिरव्याची तपकिरी झाली आणि वास असा सुटला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "शेंगदाणे भाजताय का?" विचारणारा चुकला नव्हता. भाजताना जे पायराझिन नावाचे पदार्थ तयार होतात, ते शेंगदाण्यात, कॉफीत आणि होजिचात सगळीकडे असतात. आणि शिळा, वास उडालेला हिरवा चहा घरच्या घरी भाजून पुन्हा कामाला लावणं ही जपानी घरांतलीही रीत आहे. काकूंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त डबा रिकामा करायचा होता.

मिक्सरच्या छोट्या भांड्यात पूड झाली. काकांनी चव घेतली. मग आणखी एकदा घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर ताळेबंद जुळल्याचा आनंद आणि तो दुसऱ्याने जुळवल्याचं दुःख एकदमच दिसलं. संध्याकाळपर्यंत बरणीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी लागली होती: 'दहिसर रोस्ट'. खाली काकूंचं नाव नव्हतं. तारीख होती.

होजिचात कॅफिन नसतंच, म्हणून तो रात्री प्यावा, हा काकांचा आवडता सिद्धांत. जपान सरकारच्या अन्नघटकांच्या तक्त्यात मात्र १०० मिलिलिटर होजिचात २० मिलिग्रॅम कॅफिन दिलं आहे. साध्या सेन्चा चहातही तेवढंच, कॉफीत ६०. शिवाय हे पानं गरम पाण्यात मुरवून गाळलेल्या होजिचाचं झालं. लाटेत तर पानाची पूडच पोटात जाते. तक्ता कुणीतरी काकांना पाठवला. त्यांनी तो रात्री पावणेदोनला पाहिला, कारण ते जागेच होते. त्या वेळी ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याच्या टाकीबद्दल सोळावा मुद्दा लिहीत होते.

गेल्या महिन्यात रिडेव्हलपमेंटची सभा झाली. विमानतळ प्राधिकरणाच्या रडारमुळे दहिसरच्या इमारतींच्या उंचीला कात्री लागलेली, त्यामुळे बिल्डर येतात, वर आकाशाकडे बघतात आणि जातात, हे आमचं जुनं दुखणं. या वेळी बिल्डरचा माणूस यायचा होता म्हणून काकांनी चहापानाचं काम स्वतःकडे घेतलं. कागदी पेल्यांतून पस्तीस होजिचा लाटे. बिल्डरच्या माणसाने एक घोट घेऊन पेला खुर्चीखाली ठेवला. खजिनदारांनी दोन घेतले आणि विचारलं, "आता चहा कधी येणार?" काकूंनी हे आधीच ओळखून आल्याच्या चहाचं पातेलं झाकून ठेवलं होतं. ते पाच मिनिटांत संपलं.

इतिवृत्तात सेक्रेटरींनी शेवटी लिहिलं, 'उपस्थितांचे आभार मानून व चहा घेऊन सभा संपली.' पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करायचा विषय आला तेव्हा काका उभे राहिले. त्यांनी लेखी दुरुस्ती आणली होती: 'चहा' या शब्दाऐवजी 'होजिचा लाटे' असे वाचावे. सेक्रेटरींनी कायद्याप्रमाणे विचारलं, अनुमोदक कोण? सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी सांगितलं, पातेल्याचाही उल्लेख होत असेल तर विचार करते.

दुरुस्ती स्थगित आहे.