पानाकाका

पुण्यातल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, की ज्यांचे पाय सगळ्यांना ओळखू येतात, चेहरा मात्र चटकन आठवत नाही. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये एखाद्या गाडीखालून हे पाय बाहेर आलेले असतात. येणारा-जाणारा पायांशीच बोलतो. ‘‘काय काका, आज काय काढलंत?’’ गाडीखालून उत्तर येतं, ‘‘जरा तो बारा-तेराचा द्या.’’ गोणपाटावर पसरलेल्या हत्यारांतून आपण अंदाजानं एक पाना उचलून देतो. तो चुकीचाच असतो. ‘‘हा दहा-अकरा झाला,’’ असं म्हणून काका सरपटत बाहेर येतात, आणि मग फिक्स पाना, रिंग पाना आणि बॉक्स पाना यांतला फरक समजल्याशिवाय आपली दूध आणायला जायची सोय राहत नाही.

आमच्या सोसायटीतल्या पोरांनी त्यांचं नाव पानाकाका ठेवलं. खरं नाव विजेच्या बिलावर आहे.

काकांचं प्राथमिक शिक्षण चेतकवर झालं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितल्यावर स्कूटर मिळायची तो काळ. किक मारमारून माणूस घामाघूम झाला की ती तिरकी करायची, पुन्हा मारायची, तरी हूं का चूं नाही की प्लग काढायचा, पॉलिश पेपरवर घासायचा, फुंकर मारून बसवायचा. ‘‘ज्याला प्लग साफ करता येत नव्हता त्याला त्या काळी मुलगी सांगून येत नसे,’’ असं काका छातीठोकपणे सांगतात. ‘‘आमच्याकडे कुणी प्लगचं विचारलं नव्हतं,’’ हे काकूंचं त्यावरचं टिपण.

माध्यमिक शिक्षण साहेबांच्या प्रीमियर पद्मिनीवर. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, स्टिअरिंगच्या दांड्याशी गिअर असलेली, थंडीत चोक ओढल्याशिवाय न बोलणारी ती गाडी ऑफिसच्या आवारात बंद पडायची, आणि साहेब बाहेर येईपर्यंत काका बॉनेटमध्ये कमरेपर्यंत उतरलेले असायचे. त्यांना दोन बढत्या कामामुळे मिळाल्या, असं ते म्हणतात. कुठल्या, ते सांगत नाहीत.

आणि पदवी मारुती आठशेवर. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हाती किल्ली दिली, ही तारीख काकांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. (याबद्दलचं काकूंचं टिपण छापण्याजोगं नाही.) ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूनं खालची जमीन दिसते! हात घालायला जागा असलेली ती शेवटची मोटार, असं त्यांचं ठाम मत आहे. जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं तेव्हा काकांनी सोसायटीच्या सूचनाफलकावर तसा कागद लावला होता. सेक्रेटरींनी तो दुसऱ्या दिवशी काढला, कारण त्याखाली ‘पार्किंगमध्ये गाड्या दुरुस्त करू नयेत’ ही सूचना झाकली जात होती.

काकांची आठशे अजून आहे. पंधरा वर्षं उलटल्यावर फेरनोंदणी, ग्रीन टॅक्स, दर पाच वर्षांनी पुन्हा आरटीओची वारी, सगळं निगुतीनं चालू आहे.

ऑइल बदलणं हा त्यांचा मुख्य सोहळा. आधी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट खाली येतं. हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना विटा लावायच्या, पुढून जॅक चढवायचा आणि मग चॅसीखाली लोखंडी घोड्या द्यायच्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्याला काका माणसात धरत नाहीत. ड्रेन नटखाली परात सरकवायची. ही परात काकूंची. शेवटचे दोन आटे हातानं सोडवताना नट सटकतो, कोमट काळं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, आणि त्या क्षणी काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते निवृत्तीच्या सत्कारातही नव्हतं. मग ते दोन बोटांत थेंब चोळून बघतात, वास घेतात आणि जाहीर करतात, ‘‘अजून हजार किलोमीटर गेलं असतं.’’ तरीही बदलतात.

जुना फिल्टर हातानं सुटत नाही. पट्टा लावला जातो, पट्टा घसरतो, काकांच्या तोंडून काही शब्द बाहेर पडतात आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्या लागतात. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटानं ऑइल लावायचं, हातानं टेकेपर्यंत फिरवायचा, मग पाऊण आटा. ‘‘पाना लावायचा नाही! हे सर्व्हिस सेंटरवाले जोर लावून आवळतात आणि पुढच्या वेळी आपण भोगायचं.’’ मागच्या वेळी तो फिल्टर स्वतः काकांनीच बसवलेला असतो, पण ते विचारायची ही वेळ नव्हे. ड्रेन नटला नवा तांब्याचा वॉशर, त्यावर टॉर्क रेंच. टॉर्क रेंचमधून ‘टक्’ असा आवाज येतो. तो सगळ्यांनी ऐकला की नाही हे बघण्यासाठी काका मान वर करतात.

काळं ऑइल गटारात ओतायचं नाही, हा दंडक. ते डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे जातं आणि तिथून परवानाधारक पुनर्वापरवाल्याकडे. गॅरेजवाल्याकडे जायचा रविवार येईपर्यंत डबे बाल्कनीत, काकूंच्या तुळशीशेजारी.

सगळं झालं की वही निघते. तारीख, किलोमीटर, ऑइलची ग्रेड, फिल्टरचा नंबर. शेवटच्या रकान्यात ‘वाचले’ असं शीर्षक. सर्व्हिस सेंटरचा मजुरीचा आकडा, त्यावरचा १८ टक्के जीएसटी, मिळून जी रक्कम होईल ती काका लाल शाईनं लिहितात. ‘‘माझ्या हाताला जीएसटी लागत नाही,’’ हे वाक्य दर वेळी. नाना पेठेतून आणलेला सॉकेट सेट, जुन्या बाजारातल्या बुधवारच्या फेऱ्या, टॉर्क रेंच, घोड्या आणि हवा भरायचा कंप्रेसर यांचा वहीत उल्लेख नाही. ती म्हणे गुंतवणूक. काकूंनी मात्र त्याच वहीच्या शेवटच्या पानापासून उलटा जमाखर्च सुरू केला आहे: स्टीलची परात १, टर्किश टॉवेल २, पांढरा बनियन ५, सिंकखालचा ब्रश, ऑर्थोपेडिक डॉक्टरांची फी. दोन्ही हिशेब वहीच्या मधल्या पानाकडे सरकत आहेत आणि गाठ पडेल त्या दिवशी घरात काय होईल याची सोसायटीला उत्सुकता आहे.

लेकीनं नवी गाडी घेतली तेव्हा काकांचा खरा कस लागला. गाडी वॉरंटीत, पहिल्या तीन सर्व्हिस फ्री. फ्री म्हणजे मजुरी फ्री, ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यायचेच, हे काकांनी तिला गाडी ताब्यात घेतानाच बजावलं. मजुरी फुकट मिळत असताना घरी काम करणं हे त्यांच्याच अर्थशास्त्रात बसेना. ‘‘तुम्ही नका येऊ, मीच जाते,’’ असं लेक म्हणाली. काका तिच्या आधी खाली उतरून गाडीत बसले.

आदल्या रात्री त्यांनी बॉनेट उघडून ऑइल फिल्टरवर, एअर फिल्टरच्या पेटीवर आणि ग्लोव्ह बॉक्समागच्या एसी फिल्टरच्या कडेवर लेकीच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका ठेवला होता. बदलला म्हणाले आणि ठिपका तसाच सापडला, की रंगेहाथ पकडायचे. शिवाय ‘जुने पार्ट डिकीत ठेवावेत’ असं जॉबकार्डवर लिहून घ्यायचं. काकांना वस्तू परत हव्या असतात असं नाही. पुरावा हवा असतो.

सर्व्हिस सेंटरात गाडी काचेपलीकडे जाते आणि मालक काचेअलीकडे सोफ्यावर. एसी, यंत्रातली कॉफी, आवाज बंद केलेल्या बातम्या. बाकीचे मालक मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. काका काचेला नाक लावून उभे. तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातला, हातात टॅब घेतलेला एक तरतरीत मुलगा आला. पदानं सर्व्हिस ॲडव्हायझर.

‘‘सर, गाडी एकदम छान आहे. फक्त थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन आणि अंडरबॉडी कोटिंग करून घेऊ. उंदरांसाठी स्प्रेही आहे. पावसाळा तोंडावर आलाय.’’

‘‘गाडी छान आहे ना?’’

‘‘एकदम, सर.’’

‘‘मग?’’

मुलानं टॅबकडे बघितलं. टॅबमध्ये ‘मग’चं उत्तर नव्हतं. पाच हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या थ्रॉटल बॉडीत काय साठणार, कारखान्यातून आलेल्या कोटिंगवर दुसरं कोटिंग कशाला, असे सवाल काकांनी टाकले. मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘‘सर, कंपनीकडून सजेस्टेड आहे.’’ इथं काकांनी ठेवणीतला बाण काढला. ऑगस्ट २०१४मध्ये स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. का? सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकना मोकळेपणी मिळू देत नव्हत्या म्हणून. बाहेर काम केलं एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही आयोगानं बजावलं. प्रकरण पुढं अपिलात गेलं. हे काका हळू आवाजात सांगतात. सोफ्यावरच्या चार मालकांनी मोबाइलमधून माना वर काढल्या. एकानं उठून स्वतःच्या अंदाजपत्रकातलं कोटिंग खोडायला लावलं. मुलाच्या कपाळावर घाम आला, आणि लेक कॉफीच्या यंत्रामागं लपली.

घरी आल्यावर पार्किंगमध्येच ग्लोव्ह बॉक्स उघडून तपासणी झाली. ठिपके सगळे गायब, डिकीत जुने फिल्टर कागदात गुंडाळून नीट ठेवलेले. सेंटरनं काम चोख केलं होतं. काका दोन दिवस उदास होते.

त्या उदासीतून त्यांना स्कॅनरनं बाहेर काढलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा, ब्लूटूथनं फोनला जोडायचा. आता बिल्डिंगमध्ये कुणाच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की काकांना कळवलं जातं, आणि नाही लागला तरी ते विचारून जातात. तळमजल्यावरच्या वकिलांना त्यांनी जिन्यातच सांगितलं, ‘‘तुमचं पी ०४२० निघालंय.’’ वकिलांनी दोन दिवस रक्तदाबाची गोळी चुकवली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा तो कोड, आणि तोही गाडीचा.

एक मात्र खरं, काका आपली वेस ओळखतात. एअरबॅगच्या वायरीला हात लावत नाहीत. एसीचा गॅस, व्हील अलाइनमेंट आणि एबीएसची कामं यंत्रवाल्याकडेच देतात. कंपनीनं गाड्या परत मागवून एखादा भाग फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं, की पहिल्या दिवशी रांगेत काका. त्यामुळं ‘हौशी माणसानं वाट लावली’ असं त्यांच्या कुठल्याही गाडीबद्दल कुणाला म्हणता आलेलं नाही. पैसे वाचतात हे निमित्त. आपल्या गाडीत कुणी काही केलं आणि ते आपल्याला दिसलं नाही, हे त्यांना सोसत नाही. बायपासच्या वेळीसुद्धा त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना जुने पार्ट दाखवाल का, असं विचारल्याची बिल्डिंगमध्ये दंतकथा आहे.

परवाच्या रविवारी एक खटारा गाडी फाटकातून आत आली. तिसऱ्या हातातली, बंपर तारेनं बांधलेला. आतून टॅबवाला तोच मुलगा उतरला, टॅबशिवाय आणि इस्त्रीशिवाय. पलीकडच्या गल्लीत भाड्यानं राहतो म्हणे.

‘‘काका, ऑइल बदलून द्याल? आणलंय मी.’’

‘‘अरे, तुझं एवढं मोठं सर्व्हिस सेंटर आहे की!’’

‘‘तिथं नाही परवडत, काका.’’

काकांच्या आयुष्यातला हा परमोच्च विजय होता. पण ते एका शब्दानं बोलले नाहीत. विटा, जॅक, घोड्या, परात, सगळं यथासांग झालं. नवं ऑइल भरून, डिपस्टिक दोनदा पुसून बघून, कॉटन वेस्टनं हात पुसत काका स्टुलावर बसले आणि वहीचं कोरं पान उघडलं.

‘‘ऑइल झालं. पण ब्रेक फ्लुइड कधी बदललंय? ते हवेतली ओल पितं बाबा, दोन वर्षांनी बदलायलाच हवं. एअर फिल्टर चोंदलाय. बॅटरीचे टर्मिनल बघ कसे फुलून आलेत. आणि बॉनेट उघडलंच आहे, तर थ्रॉटल बॉडीही साफ करून टाकू.’’

‘‘ते पुढच्या वेळी बघू, काका. आज नुसतं ऑइलच करायचं होतं.’’

काकांनी पेन कानावर खोचलं आणि काळजीच्या स्वरात म्हणाले, ‘‘बघ बुवा. पावसाळा तोंडावर आलाय.’’