लिफाफाबंद प्रतिभा

बोरिवली ते अंधेरी या पट्ट्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक डॉक्टर, दोन सीए आणि ज्याची कथा चोरीला गेली आहे असा एक गृहस्थ असतोच. आमच्या एक्सरच्या सोसायटीतल्या या गृहस्थांना सगळे ‘कॉपीराइटकाका’ म्हणतात. तोंडावरही म्हणतात आणि ते ओ देतात. त्यांना तो किताब वाटतो. उभी हयात एमटीएनएलमध्ये गेली, २०२० च्या जानेवारीत हजारो सहकाऱ्यांबरोबर त्यांनी व्हीआरएस घेतली आणि त्याच महिन्यापासून ते ‘इंडस्ट्रीत’ आहेत. इंडस्ट्रीत म्हणजे काय, तर अधूनमधून मेट्रो धरून लोअर ओशिवऱ्याला उतरायचं, एका टपरीवर तासभर चहा पीत उभं राहायचं आणि परत यायचं. मेट्रो २अ झाल्यापासून इंडस्ट्री फार जवळ आली, असं ते कौतुकाने सांगतात.

नवी ओळख झाली की दहाव्या मिनिटाला काका इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतात. “एक कन्सेप्ट आहे.” पुढे काही नाही. आपण विचारावं, “कसली हो?” तर गालात हसून म्हणतात, “अशी बरी सांगेन!” बरं, आपण विषय सोडून पाणीकपातीवर आलो तर दुखावतात. ते सांगणार नाहीत, पण आपण विचारणं थांबवायचं नाही, असा हा एकतर्फी करार आहे.

खरा करारही आहे. तो स्टँपपेपरवर असतो. ‘खाली सही करणाराने आज जे ऐकले ते अन्य कोणास सांगणार नाही, लिहिणार नाही, स्वप्नात आल्यास त्यावर हक्क सांगणार नाही’ असा त्याचा मसुदा. सेक्रेटरी, इस्त्रीवाला आणि काकांचे सख्खे मेहुणे यांनी त्यावर सह्या केल्या आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने शंभराचा स्टँपपेपर बंद करून पाचशेचा केला, तेव्हा काकांनी श्रोत्यांची संख्या घटवली. सरकारने मराठी कथेवर लावलेला हा छुपा कर आहे, असं त्यांचं मत आहे.

पण काकांची खरी इस्टेट म्हणजे त्यांचं गोदरेजचं कपाट. त्यात वरपासून खालपर्यंत रजिस्टर्ड पोस्टाचे लिफाफे आहेत. पाठवणार काका, स्वीकारणारही काका. कथा सुचली की ती कागदावर चार ओळीत उतरवायची, लिफाफ्यात घालून लाख लावायची, स्वतःलाच रजिस्टर करायची आणि आली की न उघडता ठेवून द्यायची. पोस्टाचा शिक्का म्हणजे तारखेचा पुरावा. हा तोडगा अंधेरीत येणाऱ्या प्रत्येक धडपड्याला कुणीतरी एकदा सांगतोच आणि सल्ला फुकट असल्यामुळे तो खराही वाटतो. आमच्या पोस्टमनला मात्र बरीच वर्षं वाटत होतं, की या माणसावर कोर्टात मोठी केस चालू आहे. तो सही घेताना धीर द्यायचा, “होईल काका, सगळं नीट होईल.” टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, त्या दिवशी काका जेवले नाहीत.

या कपाटात एक शोकांतिका आहे. एका लिफाफ्यात काकांची सगळ्यात मोठी कथा आहे. ती इतकी गुप्त होती, की त्यांनी तिची दुसरी प्रत ठेवली नाही, कुणाला सांगितली नाही, आणि आता ती त्यांना आठवत नाही. उघडून बघावं तर पुरावा जातो. न उघडावं तर कथा जाते. त्यामुळे दर शुक्रवारी नवा सिनेमा लागला की काका पहिल्या शोला जातात आणि अंधारात अस्वस्थ बसून राहतात. समोर चालली आहे ती आपलीच असेल का? एखादा प्रसंग ओळखीचा वाटला की खात्री पटते. नायकाचा भाऊ लहानपणी जत्रेत हरवला, की काका खुर्चीच्या हातावर मूठ आपटतात. “हे माझं!” मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणतं, “माझंपण. शांत बसा.”

काकूंचा यावर एकच प्रश्न असतो. “अहो, पण तुम्ही लिहिलंय कुठे?”

हाच प्रश्न काळ्या कोटात सी विंगमधल्या वकीलबाई विचारतात. त्या हायकोर्टात प्रॅक्टिस करतात आणि रविवारी सकाळी भाजी आणायला खाली उतरतात. काका त्यांना कोथिंबिरीच्या गाडीपाशी गाठतात. फी वाचते. एकदा त्यांनी अशीच तक्रार नेली, की एका ओटीटी मालिकेत सासू आणि सून मिळून खून करतात आणि ही कल्पना त्यांनी २०२१ मध्येच केली होती.

“काका, कल्पनेवर कॉपीराइट नसतो.”

“असं कोण म्हणतं?”

“सुप्रीम कोर्ट. १९७८.”

मग बाईंनी कोथिंबीर निवडत सगळं सांगितलं. दिल्लीचे आर. जी. आनंद पेशाने आर्किटेक्ट, पण नाटककारही. त्यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक गाजलं होतं. एक पंजाबी घर, एक मद्रासी घर, मुलामुलीचं प्रेम आणि आडवा येणारा प्रांताभिमान. निर्माते मोहन सहगल यांनी ते त्यांच्या तोंडून ऐकलं, पुढे काही कळवलं नाही, आणि १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा आला. त्यातही पंजाबी, मद्रासी आणि प्रांताभिमान. आनंद कोर्टात गेले. बावीस वर्षांनी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की कल्पना, विषय, कथानक, इतिहास-पुराणातल्या घटना कुणाच्या मालकीच्या नसतात. मालकी असते ती मांडणीची. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं निःसंशय वाटलं पाहिजे. सिनेमात हुंड्यासारखे आणखीही विषय होते, मांडणी निराळी होती. आनंद हरले.

काकांनी दोन मिनिटं मौन पाळलं. मग म्हणाले, “आर्किटेक्ट होता ना. त्याला प्लॅन पास करून घ्यायचा अनुभव नव्हता.”

कल्पना गेली म्हणून काका शीर्षकांकडे वळले. यासाठी त्यांच्याकडे एक वही आहे. तिच्यात नुसती नावं. ‘गोराईचा गुन्हेगार’, ‘उधारीचा सूड’, ‘शेवटची बोरिवली स्लो’. नावाखाली कथा नाही. ती निर्मात्याने बघून घ्यायची. काकांना कुठूनतरी ‘देसी बॉइज’चा खटला कळला होता. त्यात तक्रारदार मराठी माणूस होता. श्याम देवकट्टा यांनी ‘देसी बॉइज’ नावाचा कथासारांश २००८ मध्ये फिल्म रायटर्स असोसिएशनकडे नोंदवला, २०११ मध्ये त्याच नावाचा, फक्त स्पेलिंग वेगळं असलेला सिनेमा आला आणि त्यांनी फौजदारी तक्रार केली. काका ही हकीकत सोसायटीच्या कट्ट्यावर अर्धीच सांगायचे. उरलेली अर्धी वकीलबाईंनी सांगितली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती तक्रार रद्द केली. नुसतं शीर्षक ही अपुरी गोष्ट आहे, ती पुढच्या कृतीची ओळख करून देते. तिच्यावर कॉपीराइट नाही. निर्मात्यांच्या संघटना नावं नोंदवून घेतात ती त्यांची आपसातली व्यवस्था.

म्हणजे वरचं नाव आपलं नाही, आतली कल्पना आपली नाही. कायदा राखतो ते या दोहोंच्या मधलं, म्हणजे लिहिलेलं. काकांच्या बाबतीत नेमकी तेवढीच जागा रिकामी होती. माझ्या मते कायद्याने एखाद्या माणसाचं एवढं अचूक व्यक्तिचित्र दुसरीकडे कुठे काढलेलं नाही.

तरीही काका खचले नाहीत, कारण त्यांना आपल्याच हायकोर्टाचा एक निकाल सापडला. २००३. झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल. एका छोट्या निर्मितीसंस्थेने वाहिनीला बालकृष्णाच्या कल्पनेवरची मालिका विश्वासाने ऐकवली आणि वाहिनीने पुढे तशीच मालिका स्वतः काढली. इथे हायकोर्टाने वाहिनीला रोखलं. विश्वासाने सांगितलेली, पुरेशी विकसित केलेली, ओळखता येण्याजोगी कल्पना असेल तर विश्वासभंगाचा दावा चालतो, असं म्हटलं.

“विश्वासाने सांगायची, बस!” काका म्हणाले, आणि ज्या माणसाने सहा वर्षं सही घेतल्याशिवाय तोंड उघडलं नव्हतं तो सुटलाच. लिफ्टमध्ये, रेशनच्या रांगेत, वझिऱ्याच्या गणपतीच्या देवळाबाहेर चपला काढताना. आधी म्हणायचे, “विश्वासाने सांगतोय हं”, आणि मग सांगायचे. वकीलबाईंनी समजावलं, “काका, गुप्त राहिली तर ती गुप्त. वॉचमनला ठाऊक असलेली गोष्ट गुप्त नसते.” वॉचमनने तोवर क्लायमॅक्समध्ये दोन सुधारणाही सुचवल्या होत्या आणि श्रेय मागायला सुरुवात केली होती.

सोसायटीत काकांचा सल्ला मात्र सगळे घेतात, कारण तो ताबडतोब मिळतो. बी विंगमधल्या पोराला काका म्हणाले, व्हिडिओत गाणं आठ सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर कॉपीराइट लागत नाही. असा कुठलाही सेकंदांचा नियम आपल्या कायद्यात नाही. पोराला स्ट्राइक आल्यावर ते कळलं. ए विंगमधल्या लग्नाच्या वरातीत बँड लावायला काकांनी मनाई केली, परवान्याशिवाय तुरुंगात जाल म्हणाले. वास्तविक कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि त्यात वरात व लग्नाशी जोडलेले सोहळे स्पष्ट शब्दात घातलेले आहेत. उलट नवरात्रात तिकीट लावून गरबा करायची टूम निघाली तेव्हा काकांनी “देवीचं आहे, बिनधास्त करा” म्हणून आशीर्वाद दिला, जिथे परवाना खरोखरच लागला असता. पावसाने गरबा रद्द झाला आणि मंडळ वाचलं.

मे २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने जॅकी श्रॉफ यांच्या नावाचा, आवाजाचा आणि ‘भिडू’चा परवानगीविना व्यापारी वापर करणाऱ्यांना चाप लावला. त्याआधी २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या ‘झकास’ला असंच संरक्षण मिळालं होतं. काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फतवा काढला, की यापुढे कोणी कोणाला भिडू म्हणू नये. रिक्षावाल्याने “कुठं जायचं भिडू?” विचारलं तर काका उत्तर न देता पुढच्या रिक्षाकडे जात. शब्द बोलायला बंदी नाही, तो त्या नटाच्या ओळखीसह माल विकायला वापरू नये, एवढंच आहे, हे बाईंनी सांगितलं. काकांनी तेवढ्यात स्वतःचा ‘तेच म्हणतोय मी’ हा तकियाकलाम राखीव करून घ्यायचं ठरवलं. काकूंनी विचारलं, “तो विकत कोण घेणार?”

काका इंडस्ट्रीच्या सगळ्यात जवळ पोहोचले ते ओशिवऱ्याच्या एका निर्मितीसंस्थेच्या ऑफिसात. मेहुण्याच्या ओळखीने वेळ मिळाली होती. मी सोबत होतो; साक्षीदार म्हणून नेलं होतं. टीशर्टातल्या एका मुलीने हसून एक छापील कागद पुढे केला. हल्ली सगळीकडे असतो. आमच्याकडे यासारखी कथा आधीपासून असू शकते, पुढे साम्य आढळल्यास तक्रार करणार नाही, सही करा, मग ऐकतो. काकांनी पिशवीतून स्वतःचा पाचशेचा कागद काढला. तुम्ही ऐकलेलं वापरणार नाही, सही करा, मग सांगतो. तिने यांचा वाचला, यांनी तिचा वाचला. दोघांनीही कागद नम्रपणे परत केले. मग चहा आला. तो फार चांगला होता. अर्ध्या तासाने आम्ही उठलो. परतीच्या मेट्रोत काका तेजाने फुलले होते. “बघितलंस? सही नाही केली. म्हणजे घ्यायचा विचार होता!”

सध्या काका रॉयल्टीचा हिशेब करतात. कॉपीराइट लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं टिकतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीत-संगीताबरोबर सिनेमातल्या लेखनाच्या रॉयल्टीचा वाटाही लेखकाला सहजासहजी सोडून देता येत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक आहे. आपण नव्वदी गाठणार हे धरून त्यांनी नातवाच्या नातवापर्यंतची वाटणी एका वहीत मांडली आहे. मोठ्या मुलाला हिंदी हक्क, धाकट्याला ओटीटी. धाकटा रुसला आहे, त्याला दाक्षिणात्य रिमेकही हवेत. ही वही नव्वद पानी आहे आणि भरत आली आहे. काकांनी सलग एवढं लेखन दुसरं केलेलं नाही.

वाचकांपैकी कुणी खरोखर काही लिहून बसलं असेल तर त्याने हे एवढं करावं. लिहिताक्षणी कॉपीराइट आपला होतो, सरकारी नोंदणी सक्तीची नाही. तरी तारखेच्या पुराव्यासाठी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंद करून ठेवावी, ती घरबसल्या होते. कथा पाठवायची ती ईमेलने आणि कुणाला पाठवली ते जपून ठेवायचं. लिफाफ्याच्या फंदात पडू नये. आणि एक्सर स्टेशनच्या जिन्यावर पिशवी सांभाळत एखादे गृहस्थ आवाज खाली आणून “एक कन्सेप्ट आहे” म्हणाले, तर अवश्य “कसली?” म्हणून विचारा, त्यांना बरं वाटतं, फक्त सही करू नका.