कुलरमुखत्यार

शीतकटिबंधातील सुखवस्तू गृहस्थांपुढे सांप्रत असा एक प्रश्न उभा आहे की, कचेरीतून निघण्यापूर्वी खिशातल्या मोबाइलला आज्ञा करून घर आधीच उबदार करवून घ्यावे, की मुकाट्याने घरी पोचून स्वतःच्या हाताने खुंटी फिरवावी. प्रश्न गंभीर आहे; आणि ज्या गावी मार्च उजाडताच घर आपले आपण तापते, त्या अकोल्यात बसून त्याचा विचार करण्यास लागणारी तटस्थता आमच्या ठायी पुरेपूर आहे. आमच्या माथ्यावरील सिमेंटचा स्लॅब सकाळी आठपासून उष्णतेची ठेव स्वीकारू लागतो आणि रात्री दोनपर्यंत ती व्याजासह खाली परत करीत राहतो. या व्यवहारास ना ॲप लागते, ना पासवर्ड, ना वार्षिक वर्गणी.

येथील उन्हाचा दरारा असा की, सरकारदरबारीही त्याची नोंद फौजदारी स्वरूपाची आहे. मे २०२४ च्या अखेरीस, नवतपा लागण्याच्या सुमारास, पारा ४५ अंश ओलांडून गेला, तेव्हा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी जिल्ह्यात कलम १४४ जारी केले. आस्थापनांनी कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंखे पुरवावेत, खासगी शिकवण्यांनी भर दुपारी वर्ग भरवू नयेत, अशा त्या हुकमातील गोष्टी शहाणपणाच्याच होत्या. तथापि हे कलम लोकांच्या परिचयाचे आहे ते जमावबंदीचे म्हणून, आणि सूर्यनारायण पडला एकटा, त्यामुळे मूळ गुन्हेगार त्याच्या कक्षेत येऊ शकला नाही. पुढे १ जुलैपासून ती फौजदारी प्रक्रिया संहिताच इतिहासजमा झाली. ऊन मात्र अद्याप अंमलात आहे.

अशा या गावी, जठारपेठेत, आमच्या शेजारी महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून सपत्नीक राहतात. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत मिनियापोलिस येथे असतात. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, आणि घर कुलूपबंद असताना भट्टी बंद पडली तर नळांतील पाण्याचे बर्फ होऊन नळ फुटतात. त्या मुलुखात गृहस्थाने परगावाहून घराच्या उष्णतामानाची विचारपूस करावी हे सर्वथा न्याय्य होय. घरातील ऊब बाहेर किती वेगाने पळते हे आतल्या आणि बाहेरच्या उष्णतामानातील अंतरावर ठरते, म्हणून रिकामे घर थोडे गार ठेवल्यास इंधन वाचते, हेही पदार्थविज्ञानास धरून आहे. जाण्यायेण्याच्या वेळा ठरलेल्या असतील तर हेच काम मोबाइलावाचून घड्याळाची साधी कळही करते. परंतु चिरंजीवांच्या वेळा ठरलेल्या नाहीत, हे आम्ही त्यांच्या बाजूने नमूद करतो.

आमची तक्रार एवढीच की, सदरहू सोय त्यांनी तीर्थरूपांच्या सेवेस सादर केली. गतवर्षी सुट्टीत आले असता त्यांनी निजायच्या खोलीत मोबाइलने चालणारा दीड टनाचा एसी बसविला, ओसरीवरील लोखंडी कुलरच्या बटणालाही तसलीच बुद्धिमान कळ जोडली, आणि या साऱ्याचा कारभार आपल्या खिशात घालून ते सातासमुद्रापार निघून गेले. एसीचा हातातला रिमोट त्यांनी कपाटात कुलूपबंद केला. कारण त्यांच्या मते वडील तो अठरावर नेऊन ठेवतात आणि मग चादर घेऊन झोपतात. हा आरोप खरा आहे.

ॲपमध्ये कुटुंबीयांच्या पायऱ्या ठरवाव्या लागतात. चिरंजीवांनी स्वतःपुढे ‘ओनर’ असे लिहिले आणि वडिलांपुढे ‘गेस्ट’. घराची मिळकत पत्रिका अव्वल कारकुनांच्या नावे, घरपट्टी त्यांच्या नावे, गृहकर्जाचे हप्ते तर त्यांनी वीस वर्षे स्वतःच फेडलेले. परंतु खोलीचे उष्णतामान पाहण्याचा अधिकार तेवढा पाहुण्याला, बदलण्याचा नाही. अन्य प्रांतातील मनुष्य या व्यवस्थेने चकित झाला असता. वऱ्हाडी मनुष्याला ती ओळखीची वाटते. १८५३ साली हैदराबाद कंटिंजंटच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले, आणि १९०२ साली लॉर्ड कर्झनने सालिना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायमच्या पट्ट्याने घेतले. सार्वभौमत्व निजामाचे, वहिवाट कंपनीची आणि नंतर सरकारची. दुसऱ्याच वर्षी कारभार मध्यप्रांताला जोडला गेला, तरी मालक कागदोपत्री हैदराबादेसच राहिला. १९३६ साली निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही मिळाला. सारांश, मुलूख एकाचा आणि कळ दुसऱ्याच्या हाती, ही रीत आमच्या जिल्ह्याने जवळपास शंभर वर्षे अनुभवली आहे. चिरंजीव विजेचे बिल मिनियापोलिसहून परस्पर भरतात, ही रक्कम त्या २५ लाखांच्या जागी समजावी.

कुलमुखत्यारपत्राचा मसुदा करण्यात ज्यांची हयात गेली त्या गृहस्थांनी या कुलरमुखत्यारीपुढे मान तुकविली, पण रीतसर. ते चिरंजीवांस मोबाइलवरून अर्ज पाठवू लागले: “विषय: शयनगृहातील उष्णतामान दोन अंशांनी कमी करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की…” अडचण अशी की, अकोल्यात दुपारचे दोन वाजतात तेव्हा मिनियापोलिस येथे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. ऊन ऐन भरात असताना सक्षम अधिकारी गाढ निद्रेत, आणि अधिकारी जागा होऊन चहा घेतो तेव्हा इकडे सायंकाळ झालेली. अर्ज निकाली निघेपर्यंत अर्जाचे कारण नष्ट होणे, हा जो आपल्या कारभाराचा स्थायीभाव आहे, तो या उपकरणाने घरोघर पोचविला.

इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांत छताला कापडी पंखा टांगलेला असे, त्याची दोरी भिंतीतील भोकातून व्हरांड्यात जाई, आणि तेथे बसलेला पंखेवाला ती ओढत असे. कित्येकदा ती पायाच्या अंगठ्याला बांधून. खोलीबाहेरून खोली थंड करण्याची युक्ती ती हीच. दोषही हाच, की दुपारी पंखेवाल्याचा डोळा लागे. फरक इतकाच की, त्याला हाक मारून जागे करता येत असे, आणि साहेबाने किती अंशांवर बसावे याविषयी त्याचे स्वतःचे काही मत नसे.

आता कुलरची हकीकत. कुलर हे कोरड्या हवेच्या मुलखाला मिळालेले वरदान आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सभोवतालच्या हवेतून ओढून घेते. म्हणून दीड टनाचा एसी एका तासात जेवढी वीज खातो तेवढीत कुलर पाचसात तास चालतो. मात्र त्याला पाणी लागते, आणि पाण्याला ॲप नाही. अकोल्याचे पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते. नळ येतात ते काही दिवसांआड आणि आपल्या मर्जीने. आणि बोअरचे पाणी घालावे तर पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आडवा येतो, ज्याच्या क्षारांनी गवताच्या ताट्यांवर पांढरे पुट चढून पंधरा दिवसांत त्या पापडासारख्या कडक होतात. नळ आल्याचा सुगावा लागताच पहाटे उठणे, पाइप ओढत आणून टाकी भरणे, ताट्या झटकणे, वाळा आणून लावणे, हे कुलरचे खरे दूरनियंत्रण वहिनींकडे आहे, आणि त्यांचे नाव ॲपमध्ये गेस्ट म्हणूनसुद्धा नाही.

एप्रिलात एकदा चार दिवस नळ आले नाहीत. टाकी कोरडी पडली. मिनियापोलिसच्या वेळापत्रकाप्रमाणे अकरा वाजता कुलर सुरू झाला, पंप कोरडाच फिरून जळाला, आणि पंख्याने दुपारभर ओसरीवर भट्टीचा झोत सोडला. ॲपमध्ये त्या वेळी हिरवा दिवा होता. चिरंजीवांनी सकाळी उठून तो पाहिला आणि समाधान व्यक्त केले. अव्वल कारकुनांनी आयुष्यभर पैसेवारीचे तक्ते तयार केलेले; शेतात बोंड नसताना कागदावर पन्नास पैशांच्या वर गेलेली पिके त्यांनी पाहिली आहेत. ते आम्हांस एवढेच म्हणाले, “भाऊ, कागदावर तं कुलर गारच हाये.”

घरातील उष्णतामानावर हक्क सांगणारे चिरंजीव एकटे असते तरी निभावले असते. दिल्लीच्या आज्ञेने १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताच आधी २४ अंशांवर उभा राहतो. एक अंश वर गेल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा त्यामागील सरकारी हिशोब आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी पुढचे पाऊल जाहीर केले की, यंत्राने २० च्या खाली आणि २८ च्या वर जाऊच नये अशी तजवीज करावी. हेतू स्तुत्य आहे. शिवाय बाहेर ४५ असताना २८ हा आकडा आमच्या गावी हिमालयातील वाटतो. तथापि कळ एकदा घराबाहेर गेली म्हणजे तिला किती हात लागतील याचा नेम नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कोलोरॅडो राज्यात उष्म्याच्या लाटेत सुमारे बावीस हजार ग्राहकांना आपल्याच भिंतीवरील थर्मोस्टॅटने जुमानले नाही. काही डॉलरांच्या सवलतीसाठी त्यांनी वीजकंपनीला आधीच मुखत्यारी लिहून दिली होती. जानेवारी २०१६ मध्ये तर नेस्ट नामक विख्यात थर्मोस्टॅटच्या आज्ञावलीतच दोष शिरला, त्याची बॅटरी उतरली, आणि कित्येक घरे ऐन थंडीत गारठली. पंखेवाला झोपी जाई. तो एका रात्रीत गावोगावचा एकदम झोपी गेल्याचे मात्र ऐकिवात नाही.

तेव्हा ही सोय किफायतशीर आहे काय? जमेस धरावे ते इतके: खोली गार होण्यास लागणारी पंधरावीस मिनिटे वाचतात, आणि विसरून चालू राहिलेला एसी दुरून बंद करता येतो. खर्ची पडते ते असे: हुकमाची वाट पाहत चोवीस तास जागी राहणारी कळ वर्षाकाठी दहापंधरा युनिटे खाते, इंटरनेटची वर्गणी वेगळी, जळालेला पंप वेगळा. हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो. परंतु निवृत्त मनुष्य दिवसभर घरातच असतो, आणि जो घरातच आहे त्याच्या घराला दुरून चालविण्यात जी बचत होते तिला आम्हांला तरी जमाखर्चात रकाना सापडला नाही.

परवा दुपारी एक वाजता लाइन गेली. एसी मूक झाला, वायफाय निमाले, आणि ॲपने मिनियापोलिसला बहुधा ‘संपर्क नाही’ असे कळविले असावे. वहिनींनी दारावर ओली चादर टांगली, तिच्यावर लोटीभर पाणी मारले, आणि दोघे हातपंख्याने वारा घेत बसले. लाइन साडेचारला आली. साडेपाचला चिरंजीव उठले, अर्ज पाहिला, वडिलांच्या काळजीने एसी तडक बावीसवर आणला आणि कळविले: मंजूर. तोवर अंगणात शिडकावा झाला होता, बाजा बाहेर आल्या होत्या, मोर्णेकडून थोडा वारा सुटला होता. आत रिकामी खोली उत्तम गारठत होती.

“खोली थंड झाली म्हन्ते पोरगा,” वहिनी म्हणाल्या. “जाता का आत?”

अव्वल कारकुनांनी बाजेवर कूस बदलली. “आपन गेस्ट हावो. ओनर इथं नसतानी आत कसं जावं?”