गॅस गेलाय, शेट!

महाडमध्ये गाडीचा एसी बिघडला तर मेस्त्रीची गरज फार उशिरा लागते. निदान त्याआधीच झालेलं असतं, तेही फुकट. टपरीवर चहा घेताना "हल्ली पिकअपचा एसी थंड करत नाही" एवढंच बोला. बाजूच्या बाकावरचा माणूस तोंडासमोरचा पेपर न हलवता सांगतो, "गॅस गेलाय." तो माणूस किराणा दुकानदार असेल, निवृत्त मास्तर असेल, नाहीतर पोलादपूरहून कोर्टाच्या तारखेला आलेला पक्षकार असेल, निदान बदलत नाही. आयुर्वेदानं माणसाला तीन दोष दिले. गाडीच्या एसीला आम्ही एकच ठेवला.

माझी पिकअप बेकरीचा माल वाहते. महाडला पाव, खारी, बटर, टोस्ट भरायचे, पोलादपूरच्या दुकानांत उतरवायचे, मग कापड्याकडे किंवा आंबेनळी घाट चढून कुंभरोशीपर्यंत. केबिनला एसी असलेली गाडी घेतली तेव्हा बाजारपेठेत चौकशी झाली, "एसी पावाला की पाववाल्याला?" पाववाल्याला म्हटल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला सहानुभूती म्हणता येणार नाही.

बाहेरच्यांना वाटतं, कोकण म्हणजे समुद्राचा वारा. आमचं रायगड आतल्या अंगाचं. समुद्र आम्हाला फक्त घाम पाठवतो, वारा अलिबागला ठेवून घेतो. 2017 च्या मार्चअखेरीस आमच्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला 46.5 अंशांची नोंद झाली आणि विदर्भातले नातेवाईक पहिल्यांदा आमच्याशी आदरानं बोलले. महाडजवळ सवला तर जमिनीतूनच गरम पाण्याचे झरे येतात. असल्या मुलखात केबिनमध्ये इंजिनाच्या उबेला बसून चालवणाऱ्याला गारवा लागतो, हे सरकारलाही पटलं, पण अर्धंच. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तो साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना. त्याखालचा ड्रायव्हर नियमाच्या दृष्टीनं आपोआप गार राहतो.

तर एसी थंड करेनासा झाला आणि सल्ल्यांची रांग लागली. शेजारचे काका बिरवाडीच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते, त्यामुळे गॅस या विषयात त्यांचा शब्द अखेरचा. "उन्हाळ्यात गॅस पातळ होतो," असं त्यांनी मला घरी येऊन समजावलं. डोंबिवलीचा मेव्हणा फोनवरून म्हणाला, "भावजी, चोवीसवर ठेवा." माझ्या गाडीत आकडे नाहीत. एक बटण आहे, ते निळ्या पट्ट्यापासून लाल पट्ट्यापर्यंत फिरतं. एका गिऱ्हाइकानं गाडीखाली ठिबकणारं पाणी दाखवून "एसी गळतोय, गॅसचं पाणी झालं" अशी धोक्याची सूचना दिली. खरं तर त्या गाडीत तब्येत बरी असल्याची तेवढी एकच खूण उरली होती.

कारण एसी हा जन्मानं गारवा देणारा नव्हेच, हवा पिळणारा. विलिस कॅरियरनं 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिलं यंत्र आखलं, ते कामगारांच्या सुखासाठी नव्हतं. दमट हवेत कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन गळते, मागे राहते ती कोरडी, थंड हवा. महाडच्या मे-जूनमध्ये त्या बिचाऱ्याची बरीचशी ताकद घाम पिळण्यातच जाते, उरलेल्यात तो आपल्याला गार करतो. तेव्हा गाडीखाली पाणी दिसलं तर आनंद मानावा. डबकं केबिनच्या आत, पायाशी झालं, तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली म्हणून समजावं.

शिवथरघळ आमच्याच तालुक्यात. समर्थांनी दासबोध तिथं सांगितला असं मानतात. त्याच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खांच्या लक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खांच्या. सल्लागारांचा ओघ थोडा ओसरल्यावर मी दोन्ही पुन्हा काढून वाचले. गाडीचा उल्लेख नाही, बाकी बरंच जुळतं. आणि त्या घळीसमोर पावसाळ्यात धबधबा कोसळतो तेव्हा आत जो गारवा असतो, त्यात आजवर कोणी गॅस भरल्याचं ऐकिवात नाही.

शेवटी लोकमताला मान देऊन हायवेच्या कडेच्या एका दुकानात गेलो. तिथल्या पोरानं बॉनेट उघडलं, लगेच मिटलं आणि म्हणाला, "गॅस गेलाय, शेट." गेज लावलं नाही, पाइपला हात लावला नाही. बाटली जोडली, गॅस सोडला, पैसे घेतले. इथं मला जरा चढ्या आवाजात बोलावंसं वाटतं. एसीतला गॅस म्हणजे डिझेल नव्हे, तो जळून संपत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढं जाळीजवळच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, बारीक भोकातून सुटताना एकदम थंडावतो, डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये केबिनची उष्णता शोषतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. बंद चक्र आहे. रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो ते सोडा. पण एका उन्हाळ्यात गॅस गेला असेल तर कुठंतरी वाट आहे. ओ-रिंग वाळली असेल, कंडेन्सरला खडी लागली असेल, कॉम्प्रेसरचं सील गेलं असेल. ती वाट न शोधता गॅस भरणं ही दुकानदारी झाली. आणि गॅस गेलाच नसताना भरणं? ते माझ्या गाडीचं झालं.

त्यानंतर एसी विचित्र वागायला लागला. महाडहून मोकळ्या रस्त्यानं निघालं की बरा. पोलादपूरच्या नाक्यावर बसच्या मागं थांबलो की भट्टी. आंबेनळीत दुसऱ्या गियरमध्ये रांगताना तर तो सरळ झोपायचा. कॉम्प्रेसरच्या क्लचचा तो 'टक्' आवाजही येईना. मग घाट संपत आला, वारं गार झालं, धुकं उतरलं, पर्यटक शाली पांघरायला लागले, की माझा एसी जोमानं सुरू व्हायचा.

मला अखेर मेस्त्री मिळाले ते पोलादपूरला. जुने गृहस्थ, तरुणपणी आखातात ट्रकांचे एसी केलेले. ते बोलत नाहीत, हाच त्यांच्या वेगळेपणाचा पहिला पुरावा. इंजिन चालू ठेवून त्यांनी आधी एका पाइपला हात लावला, मग दुसऱ्याला. दुसऱ्याचा चटकन काढला. मग एकच प्रश्न, "गाडी उभी असली की गरम आणि पळवली की थंड, असंच ना?"

"असंच."

"मग गॅसचं नाव कोणी काढलं?"

मी महाडची लोकसंख्या सांगणार होतो, पण गप्प बसलो. त्यांनी गेज जोडलं. निळ्या घड्याळात तीस-चाळीस पौंड हवेत आणि लाल घड्याळात उन्हाळ्यात दोनशे ते अडीचशे. माझा लाल काटा साडेतीनशेकडे निघाला होता. "दोन गाड्यांचा गॅस भरलाय," एवढं म्हणून त्यांनी जाळी खोलली आणि बॅटरीचा उजेड कंडेन्सरवर टाकला.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या मातीचा कोणाला हिशेब लागत नसेल, तर तिचा काही भाग माझ्याकडे होता. त्यात गवताच्या काड्या, नाकतोडे, एक संपूर्ण फुलपाखरू आणि पिठाची भुकटी. पत्र्याच्या बारीक पापण्यांमधून वारा जायला जागाच नव्हती. गोधडी पांघरलेल्या माणसाला पंख्याचा काय उपयोग! गाडी पळताना वारा जोरानं घुसायचा तेवढंच. थांबलं की उष्णता आत कोंडायची, दाब चढायचा आणि कॉम्प्रेसर जळू नये म्हणून प्रेशर स्विच त्याला बंद करायचा. त्यात वरून जास्तीचा गॅस.

मेस्त्रींनी तो मशीनमध्ये ओढून घेतला, हवेत सोडला नाही. आर-134ए या एसीतल्या गॅसचा एक किलो हवेत गेला तर 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो, म्हणजे भिऱ्याला आणखी एक विक्रम. मग इंजिनाच्या बाजूनं, हलक्या धारेनं कंडेन्सर धुतला. मी जोराचा पाइप सुचवला, तर म्हणाले, "पापण्या वाकतील. मग वारा आयुष्यभर जायचा नाही." व्हॅक्यूम मारून ठेवला, अर्धा तास काटा हलला नाही, म्हणजे लीकेज नाही. मग गाडीच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाचाच गॅस काट्यावर मोजून भरला. झडपेत थर्मामीटर खोचलं: आठ अंश. हॉटेलात दोघांचं जेवण होईल एवढेच पैसे त्यांनी घेतले.

त्या आनंदात मी कापड्याकडे निघालो. एसटी चुकलेली एक आजी फाट्यावर सापडली, सरकारी दवाखान्यातून येत होती. तिला केबिनमध्ये घेतलं, काचा चढवल्या, बटण निळ्या टोकाला नेलं. पाव किलोमीटरही झाला नसेल, तिनं पदर डोक्यावरून कानांवर ओढला.

"बाबा, हे वारं बंद कर. गुडघं धरतात."

बंद केलं. काचा खाली घेतल्या. बाहेरचा गरम वारा फुफाट्यासकट भसाभसा आत आला. आजीनं सुस्कारा टाकला, पाय पसरले आणि माझ्याकडे कौतुकानं पाहून म्हणाली,

"आता बघ कसा चालला तुझा एशी."